रंगनाथमामांचा जुना काळ

रविवार, १४ डिसेंबर. आजचं काम: शहरातल्या औरंगपुऱ्याच्या बाजारातून घेतलेले डझनभर इनॅमलचे मग रंगनाथमामांच्या हॉटेलात पोचवणं.

खोकं उघडलं. मामांनी एक मग उचलला, कौतुकानं फिरवून पाहिला आणि त्याच्या कडेवर बत्त्याचा ठोका घातला. पांढरा टवका उडाला.

"मामा, नवे आहेत ते."

"म्हणून तर. जुनं झाल्याबिगर इथं काय खपत नाय, सुमन."

अजिंठ्याच्या हायवेवरचं हे गाव. लेणी बघून परतणारे लोक इथं थांबून 'जुन्या काळचा चहा' पितात. तो जुना काळ मामा हॉटेलामागच्या परसात तयार करतात. नव्या पाट्या चहाच्या चोथ्यानं घासतात, पितळेचे तांबे शेणात पुरतात. गल्ल्यामागं एका पगडीवाल्याची तसबीर आहे. पुण्याच्या एका बाईंनी भारावून विचारलं, "हे आजोबा का?" मामा म्हणाले, "व्हय. लई कडक माणूस." तसबीर भंगारबाजारातली. घासाघीस मी केली होती.

या सगळ्यात नवंकोरं दिसतं ते फक्त मामांचं डोकं. वय सत्तरीपुढं, पण केस बूटपॉलिश मारल्यासारखे. दर पंधरवड्याला न चुकता कलप.

"तुम्हीपण जरा जुने व्हा की," मी म्हटलं. "गिऱ्हाईक वाढेल."

मामा हसले नाहीत. "शीला गेली तवा असेच व्हते केस."

शीला त्यांची एकुलती एक मुलगी. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून मामांनीच तिला घराचं दार बंद केलं. आता ती शहरात माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहते, शाळेत शिकवते. मामांना हे ठाऊक आहे.

"येईल कधीतरी, लेणीच्या निमित्तानं," ते म्हणाले. "पांढरं डोकं बघून तिला वाटंल, लई उशीर केला आपण. तसं नको वाटाया."

"मग बोलवा ना तिला."

"कोन्त्या तोंडानं?" त्यांनी दुसरा मग उचलला.

मी चहा संपवला आणि घरी आले.

सोमवारी सकाळी शीलाचं दार वाजवलं. ती कणकेच्या हातानंच बाहेर आली.

"शाळेत रजा कळव," मी म्हटलं. "गाडीत पेट्रोल भरलंय."

कुठं जायचं, हे तिनं विचारलं नाही. हात धुतले आणि चपला शोधायला लागली.