कुलगुरूंची रोवणी

विद्यापीठाच्या गोंदिया उपकेंद्रातला कंत्राटी लिपिक भुपेंद्र बिसेन याने आयुष्यात एकच ओळ स्वतःच्या मनाने लिहिली, आणि नेमकी तीच छापून आली.

राज्यातल्या सरकारी विद्यापीठांच्या गमतीजमती आणि परंपरांची पुस्तिका निघणार होती. 'आपल्या केंद्राची परंपरा पाच वाजेपर्यंत कळवावी,' असा ईमेल पावणेपाचला आला. उपकेंद्र जेमतेम सहा वर्षांचं. दुपारी लाइट जाणं सोडलं, तर तिथे परंपरा म्हणावी असं काहीच नव्हतं. खिडकीबाहेर धानाची रोपं लावून, रोवणीवरून परतणाऱ्या बाया दिसल्या आणि भुपेंद्रने ठोकून दिलं, 'प्रत्येक नवे कुलगुरू इथे चिखलात उतरून धानाचे परे रोवतात.'

पुढच्या पावसाळ्यात नव्या कुलगुरू मॅडमचा फोन आला, "मंगळवारी येते. रोवणीला."

संचालक प्रेमिला मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. "भुपेंद्र, कौनसी रोवणी? आपल्याकडे तर पार्किंगलाच जागा नाही!"

"मॅडम, ते मीच लिहिलं होतं."

"हे भगवान! तुमच्या मुदतवाढीची फाइल त्यांच्याच टेबलावर पडून आहे ना?"

महिनाअखेर सही झाली नाही, तर भुपेंद्रवर घरी बसायची पाळी होती. तो तडक कामठ्याला आईकडे पळाला.

"माय, मंगळवारी आपल्या धानाच्या बांधीत पाहुणे येऊन राहिले. थोडंसं रोवतील, फोटो काढतील, चालले जातील. तू फक्त गप राहजो."

"राहीन ना. मी कायले बोलू?" रुख्मा म्हणाली.

मंगळवारी कुलगुरू मॅडम पदर खोचून चिखलात उतरल्या. प्रेमिला मॅडम शेताच्या कडेच्या कोरड्या धुऱ्यावरून टाळ्या वाजवू लागल्या. मिनिटभर सगळं सुरळीत चाललं.

"ओ बाई!" रुख्मा कडाडली. "एका जागी मूठभर परे कायले खुपसून राहिली? दोन-तीनच लाव! अन् मागं सरक, लावलेलंच तुडवून राहिली!"

पीएच.डी. झाल्यापासून कुलगुरू मॅडमना इतकं स्पष्ट कोणी बोललं नव्हतं. त्यांनी निमूट परे उपटून पुन्हा लावले. मग विचारलं, "मावशी, किती वर्षांची परंपरा आहे हो ही?"

"कायची परंपरा? परवा पोट्टा येऊन सांगून गेला."

प्रेमिला मॅडमचे हात टाळीच्या मधेच थांबले. भुपेंद्र रडकुंडीला आला. "चूक झाली मॅडम. साफ खोटं लिहिलं मी. इथं आजपर्यंत एकही कुलगुरू आले नाहीत."

"एकही नाही?" कुलगुरू मॅडमच्या हातातली पऱ्यांची पेंडीच खाली पडली. "अहो, माझ्या आधीच्या कुलगुरू सरांनी निरोप समारंभात अर्धा तास याच रोवणीच्या आठवणी सांगितल्या! चिखलाच्या वासाबद्दल बोलताना तर त्यांचा गळा दाटून आला. आम्ही सगळे रडलो!"

मॅडमनी वाकून पेंडी उचलली.

"फाइलवर उद्याच सही करते, बिसेन. तुमच्यासारखा माणूस सोडून चालायचं नाही. आता फोटो मात्र भरपूर काढा. खरोखर रोवणारी पहिली कुलगुरू मीच आहे."