खंडारे नानांची शुगर

जयभीम घातला की उत्तरात शुगरचा आकडा सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वाशीमजवळच्या मालेगावात आमच्या शेजारी राहणारे खंडारे नाना.

"जयभीम नाना. बरं हाय ना?"

"जयभीम. उपाशी पोटी एकशे साठ, जेवल्यावर दोनशे चाळीस."

एवढं सांगून ते चालू पडत. हे बरं की वाईट, ते आपलं आपण ठरवायचं.

मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो. वाशीम त्या काळी अकोला जिल्ह्यात होतं, आणि शुगर ही बिमारी गावाला नवी होती. ती शेठ लोकांना होते, फार तर एखाद्या तहसीलदाराला, असा समज होता. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेल्या माणसाला ती झाली, याचा आमच्या गल्लीला थोडा अभिमानच वाटे.

नानांनी बिमारी नीट समजून घेतली होती आणि ती दुसऱ्याला समजावून सांगण्याची एकही संधी ते सोडत नसत. एकदा मी विचारलं, दोन दोन वेळा रक्त कशासाठी देता? त्यांनी मला ओट्यावर बसवलं.

"गुरुजी, असं पाहा. सकाळी डेपोतून गाडी निघते थे खाली पाह्यजे का नाई? तिच्यात रातचेच पॅसेंजर बसून असले तं समजा गडबड हाय. हे झालं उपाशी पोटीचं. मंग जेवलो, म्हंजे गाडी भरली. दोन घंट्यानं पाह्याचं, किती उतरले. सारे सीटवरच बसून राह्यले तं गाडी बिघडली."

"आणि एखाद्या वेळी आकडा जास्त आला तर?"

"एका फेरीवरून गाडी ठरवू नये. मागच्या चार फेऱ्या संग ठेवून पाह्याचं. डाक्टर तेच सांगते."

हॉटेलात शिरताना नाना दारातूनच कंडक्टरी आवाजात ओरडत, "बिनसाखरेचा!" त्या आवाजानं बाकीची गिऱ्हाइकंही दचकून आपापल्या कपात पाहत. कुणी पेढा पुढे केला की ते हात जोडून म्हणत, "आमच्या घरी साखर पोटात हाय, डब्यात नाई."

रक्त तपासायला वाशीमला जायचं असे. त्या दिवशी पहिल्या बसनं नाना उपाशी निघत आणि गाडीत कुणी जेवणाचं नाव काढलं तर विषय बदलायला लावत. सरजाकाकू डब्याची पिशवी घेऊन मागून चालत. पहिलं रक्त दिल्यावर खायला भाकर लागते, म्हणून डबा. "नवऱ्याच्या बिमारीपायी बिचारी किती फिरते," असं गल्लीतल्या बाया म्हणत.

एका उन्हाळ्यात मात्र नाना दिसले आणि आकडा सांगेनात. मी विचारल्यावर जमिनीकडे पाहत म्हणाले, "उपाशी पोटी दोनशे दहा. गोळ्यानं उतरलं नाई तं रोज सुई घ्या लागन म्हनते डाक्टर."

दुसऱ्या दिवसापासून शिरपूरच्या रस्त्यानं नानांचं चालणं सुरू झालं. नाना पुढे, काकू मागे. मध्येच नाना थांबून मागे वळत आणि आवाज देत, "चाल वं, चाल!" नानांना एकट्यानं करमत नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

पुढची तपासणी आली त्याच दिवशी मलाही वाशीमला काम निघालं. काम लवकर आटोपलं म्हणून नानांचं काय झालं ते पाहायला मी रक्त तपासणाऱ्याच्या खोलीवर गेलो. पडदा अर्धा उघडा होता. नाना बाही वर करून बसले होते. सुई टोचली, तसे ते काकूंकडे पाहून हसले.

"पाह्य. मुंगी चावली तं याच्याहून जास्त दुखते."

मग ते उठले, त्यांच्या जागी काकू बसल्या. डोळे गच्च मिटून त्यांनी एक हात पुढे केला आणि दुसऱ्या हातानं नानांचा सदरा धरून ठेवला.

रक्त घेणारा माणूस बाहेर आला. त्याच्या हातात एकच बाटली होती.

"नानांची कुठे?" मी विचारलं.

"त्याईची कायले? त्याईले शुगर नाई," तो म्हणाला. "बिमारी बाईले हाय. पन बुढ्याले पह्यले टोचल्याबिगर ते हात देत नाई. म्हनून त्याईलेबी टोचतो."

नाना पडद्यातून बाहेर आले आणि मला पाहून जागीच थांबले. मग मला बाकावर घेऊन बसले.

"गुरुजी, गावात बोलू नका."

"नाही बोलत. पण नाना, हे कशासाठी?"

"तिच्या हाताले चव हाय. साक्षगंध असो का बारसं असो, पुरनाले बाया पह्यले तिले बलावतात. बिमार हाय म्हटलं तं म्हनतीन, राहू द्या सरजाबाई, तुमी बसा. आमाले लेकरू नाई, बाळ नाई. चार बायाईत थे हासते, बोलते, तेवढंच हाय तिले." सदऱ्याची बाही खाली करत म्हणाले, "मी रिटायर मानूस. मले बिमार म्हटल्यानं काय बिघडते?"

दुपारी रिपोर्ट आला. उपाशी पोटी एकशे चाळीस, जेवल्यावर एकशे नव्वद. डॉक्टर म्हणाले, सुई सध्या नको, पण गोळ्या आणि चालणं सोडायचं नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा पाहू. नानांनी कागद काकूंच्या हातात दिला. काकूंना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला.

"बरं हाय?"

"लय बरं हाय."

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच म्हणाल्या, "मंग किन्हीराजाच्या साक्षगंधाले जाऊ नं?"

किन्हीराजा गावच्या त्या साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, मलाही आमंत्रण होतं. पंगतीत मी नानांच्या शेजारी बसलो. आत चुलीपाशी बायांचा गलका चालला होता आणि त्यात काकूंचं हसणं सगळ्यांत मोठं होतं. वाढपी गरम पुरणपोळी घेऊन नानांपुढे वाकला, तशी सारी पंगत ओरडली, "त्याईले नको! शुगर हाय त्याईले!"

वाढप्यानं पोळी माझ्या ताटात टाकली. समोरच्या एका म्हाताऱ्यानं नानांना दम भरला, "खंडारे, या उमरीत तरी जिभेले आवरा."

"बराबर हाय भाऊ," नाना मान खाली घालून म्हणाले.

आतून काकू पुन्हा हसल्या. नानांनी मान कलती करून ते हसणं ऐकलं, मग भाकर मोडून वरणात बुडवली.

"खा गुरुजी," मला म्हणाले. "गरम हाय तवर खाऊन घ्या."