चित्राच्या पाठीवरची चिठ्ठी

एका जंगलात, मुलांनो, एक वेबसाईट होती.

हसू नका. गोष्टीतला सिंह बोलतो तेव्हा तुम्ही हूं की चूं करत नाही, आणि त्याने वेबसाईट काढली की लगेच दात काढता. शेजारच्या जंगलातल्या सिंहाने काढली होती, म्हणून आपल्याही सिंहाने काढली. राज्यकारभारात याहून मोठं कारण लागत नाही.

वेबसाईटवर, खुणा, नक्षी आणि नकाशे सोडून, तीनशे चाळीस चित्रं होती. त्यांतल्या तीनशे बारांत महाराज होते. महाराज चालताना, महाराज बसलेले, महाराज झाड लावताना, तेच झाड महाराज पुन्हा लावताना. उरलेल्या अठ्ठावीस चित्रांत जंगल होतं, कारण त्या दिवशी महाराजांचं पोट बिघडलं होतं.

सगळं सुरळीत चाललं असताना वरून एक पत्रक आलं. वरून म्हणजे नेमकं कुठून, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण वरून आलेल्या कागदाला सगळेच टरकत. पत्रकात लिहिलं होतं की ज्यांना दिसत नाही त्यांनाही वेबसाईट कळली पाहिजे. प्रत्येक चित्राच्या पाठीवर एक चिठ्ठी लावावी आणि चित्रातून जे कळतं ते तीत लिहावं. न दिसणाऱ्या प्रत्येक प्राण्याला एक पोपट द्यावा. पोपट चिठ्ठी वाचेल, प्राणी ऐकेल.

पोपट हा फार प्रामाणिक पक्षी. लिहिलंय तेवढंच वाचतो आणि लिहिलेलं सगळं वाचतो. स्वतःची अक्कल अजिबात चालवत नाही. म्हणून सरकारी कामात त्याला कुणाचीच हरकत नसते.

प्रश्न होता चिठ्ठ्या कोण लिहिणार. राज्याचे सचिव होते बगळेसाहेब. पांढरेशुभ्र, कडक इस्त्रीचे, डोळे कायम अर्धे मिटलेले. त्यांनी नमुन्यादाखल पन्नासेक चिठ्ठ्या स्वतः लिहिल्या आणि मग कंटाळून कचेरीतल्या सायाळीला बोलावलं. तिचं नाव काटेकरबाई.

"काटेकरबाई, तुमच्या अंगावर इतक्या लेखण्या आहेत. चिठ्ठ्या तुम्हीच लिहा."

"साहेब, हे काटे आहेत."

"ते आता तुम्ही बघा. आदेश निघालाय."

अशी काटेकरबाईंची नेमणूक झाली. बाई मुळात कष्टाळू. ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांना आधी विचारावं, असं त्यांच्या मनात आलं. कचेरीत असं आजवर कुणाच्याच मनात आलं नव्हतं. त्या उठल्या आणि सगुणाक्काकडे गेल्या.

सगुणाक्का म्हणजे चिचुंद्री. डोळे असून नसल्यासारखे. पदरात सात पोरं. अक्का बाहेर निघाली की पहिलं पोर तिची शेपटी दातांत धरायचं, दुसरं पहिल्याची, तिसरं दुसऱ्याची, अशी सगळी माळ भिंतीच्या कडेकडेने चालायची. अक्काचं पाऊल जिथे पडेल तिथे पाठोपाठ सात जणांचं पडणार. त्यामुळे ती चालताना फार विचार करायची.

"अक्का, पोपट मिळाला का?"

"मिळाला की. पर बाई, त्यो म्हैनाभर मला एकच सांगतोय, 'पितळी घंटा'. मी म्हनलं, असंल कुठल्या देवळातली."

काटेकरबाईंनी कपाळाला हात लावला. ती चिठ्ठी बगळेसाहेबांची. चित्रात घंटा होती खरी, पण ती दाबली की तक्रार नोंदवता येत होती.

"आँ? मग तसं लिवा की! घंटा पितळंची हाय का सोन्याची, मला काय करायचंय? दाबल्यावर काय हुतं ते सांगा. आन् त्या येली कशाच्या हो? पोपट नुसतं येल, येल, येल करतोय. चाळीस येली झाल्या की मला झोपच लागती."

"ती नुसती नक्षी आहे, अक्का. पानाच्या कडेने."

"नक्षी हाय तर गप बसू द्या की तिला."

काटेकरबाई परत आल्या त्या शहाण्या होऊन. त्यांनी घंटेमागे लिहिलं, 'तक्रार करायची असल्यास येथे दाबा.' वेलींमागे कोरी चिठ्ठी लावली, म्हणजे पोपट गप्प बसेल. प्रत्येक चित्रापुढे बसून त्या स्वतःला एकच विचारायच्या: हे चित्र काढून टाकलं तर अक्काचं काय अडेल? अडेल तेवढं त्या लिहायच्या. महाराजांच्या तीनशे बारा चित्रांपुढे त्यांची लेखणी अर्थातच फारशी चालली नाही. एका चित्रामागे त्यांनी लिहिलं, 'महाराज जांभई देत आहेत.'

बगळेसाहेबांचे अर्धे मिटलेले डोळे पूर्ण उघडले.

"जांभई? महाराज?"

"चित्रात तोंड उघडं आहे, साहेब."

"लिहा. प्रजेच्या काळजीने महाराजांनी आ वासला आहे. आणि वेलींमागे कोरं काय ठेवलंय? फुकटचा पगार घेता?"

मग चिठ्ठ्या समितीपुढे गेल्या. दृष्टिहीन कल्याण समितीच्या अध्यक्षा होत्या घारताई. त्यांना तीन कोसांवरचा उंदीर दिसतो, म्हणूनच दृष्टीच्या विषयात त्यांचा शब्द अखेरचा मानत. दोन ससाणे सदस्य होते. समितीची तपासायची पद्धत मोठी काटेकोर होती. समोर चित्र ठेवायचं, शेजारी चिठ्ठी ठेवायची, आणि चित्र नीट बघून चिठ्ठी कळते का ते पाहायचं. प्रत्येक वेळी कळायची. समिती सही करायची. एकदा सही झाली की चिठ्ठीला हात लावायचा नाही, लावला तर अंगावरचे सगळे काटे उपटून घ्यायचे, असा नियम खास काटेकरबाईंसाठी करण्यात आला. ससाण्यांना काटे नव्हते, त्यामुळे नियम एकमताने मंजूर झाला.

आता खरी गोष्ट सुरू होते. सरळ बसा.

उन्हाळा आला. नदी आटली, ओढे आटले. पाणी दोनच ठिकाणी उरलं. एक मोठं तळं, ते जवळ. दुसरा जांभळीचा डोह, तो लांब. आटलेल्या नदीतली मगर बिचारी जाणार कुठे? ती मोठ्या तळ्यात येऊन राहिली. पहारेकरी माकडाने पाहिलं, आणि वेबसाईटवरच्या पाणवठ्यांच्या नकाशावर तळ्याच्या जागी लाल खूण करून तो कचेरीत पाठवला.

पण त्या तळ्याचं नुकतंच सुशोभीकरण झालं होतं. गुरुवारी उद्घाटन होतं. बगळेसाहेबांनी लाल खूण बघितली, थोडा विचार केला, आणि बरोबर तिच्यावर महाराजांचा हसरा फोटो चिकटवला.

काटेकरबाई पुढे आल्या.

"साहेब, तिथे मगर आहे."

"होती. आता महाराज आहेत."

"महाराज चित्रात आहेत. पाण्यात मगरच आहे."

"काटेकरबाई, तुम्ही चित्र विभागात आहात. पाणी हा वेगळा विभाग आहे. लिहा चिठ्ठी. नकाशा. अधिक माहितीसाठी चित्र पाहावे."

"न दिसणाऱ्यांनी चित्र पाहावे?"

"प्रयत्न तर करावा."

समितीने चित्र पाहिलं, चिठ्ठी पाहिली आणि सही केली.

काटेकरबाई बाहेर आल्या. समोर हरणांचा कळप चरत होता. बाईंनी न राहवून सांगून टाकलं, "तळ्यावर जाऊ नका रे, मगर आहे."

हरणांनी नकाशा उघडला. पुन्हा पुन्हा बघितला.

"कुठंय मगर? इथं तर महाराज हसतायत."

"अरे, त्या फोटोखाली आहे."

"बाई, आम्हाला डोळे आहेत," हरणं म्हणाली आणि पुन्हा चरायला लागली.

तेवढ्यात सगुणाक्का भेटली. मागे माळ होतीच. सातही पोरांचे ओठ सुकून गेले होते.

"बाई, उद्या सकाळी पोरं घिऊन पान्याला निघतीया. पोपट म्हनतो चित्र बघा. आता आमी काय बघनार? तळ्यालाच जाते. जवळ पडतंय."

काटेकरबाई मनात हिशोब करू लागल्या. अक्काला तोंडी सांगता आलं असतं. पण न दिसणारी ती एकटी थोडीच होती? म्हातारं कासव होतं, मोतीबिंदू झालेला कोल्हा होता, आणखी कुणीकुणी होते, ज्यांची बाईंना नावंही माहीत नव्हती. एकेकाच्या बिळाशी जाऊन सांगायचं तर दुसऱ्या बिळापर्यंत बातमी बगळेसाहेबांकडे पोचली असती. चिठ्ठी मात्र एकाच वेळी सगळ्या पोपटांच्या तोंडी जाते. बाईंनी त्या सात सुकलेल्या तोंडांकडे एकदा बघितलं. भीती वाटली, खूप वाटली. काट्यांचीही वाटली. पण कचेरीत परत जाऊन त्यांनी सही झालेली चिठ्ठी फाडली आणि अंगावरचा एक काटा काढून नवी लिहायला घेतली.

'मोठ्या तळ्यात मगर आहे. तिकडे जाऊ नका. पाणी जांभळीच्या डोहात आहे. पिंपळापासून ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरा. पायाखाली वाळू लागेल. वाळू संपेपर्यंत सरळ चाला. पिकल्या जांभळांचा वास आला की डोह डाव्या हाताला आहे.'

बस. महाराजांचं नावही नाही.

थोड्याच वेळात बगळेसाहेबांनी तपासणीसाठी नकाशा उघडला. काटेकरबाईंचा जीव टांगणीला लागला. साहेबांनी नकाशा जवळून बघितला, लांबून बघितला, मान वाकडी करून बघितला.

"काटेकरबाई!"

"साहेब?"

"महाराजांची आयाळ जरा फिकी आलीय. पुढच्या वेळी लक्ष ठेवा."

आणि साहेब गेले. चित्राची पाठ बघायची असते, हे त्यांना सुचलंच नाही. ज्यांना दिसतं ते चित्र उलटून कशाला बघतील?

दुसऱ्या दिवशी सकाळी पोपटाने चिठ्ठी वाचली. सगुणाक्का कान टवकारून ऐकत राहिली, मग म्हणाली, "पुन्यांदा म्हन." पोपटाने पुन्हा वाचली. अक्का पिंपळापासून पात्रात उतरली. पायाला वाळू लागली. वाळू संपली. जांभळांचा वास आला. सात पोरं घटाघटा पाणी प्यायली, आणि अक्का काठावर बसून एवढंच म्हणाली, "कुनीतरी आमच्यासाठी लिवलंय बरं का." कासव आलं, कोल्हाही आला. जंगलातले सगळे न दिसणारे त्या दिवशी पोटभर पाणी प्यायले.

गुरुवारी मोठ्या तळ्याचं उद्घाटन झालं. महाराज काठावर थांबले. फीत धरायला बगळेसाहेब पाण्यात उतरले. पुढचं फार लांबवत नाही, तुम्ही लहान आहात. फीत राहिली, साहेबही राहिले, साहेबांचा डावा पाय तेवढा राहिला नाही. हरणं जी धूम पळाली ती थेट डोंगरापलीकडे थांबली.

चौकशी नेमली गेली. घारताईंनी नकाशा आपल्या तीन कोस बघणाऱ्या डोळ्यांनी बघितला. मगर कुठेच दिसली नाही. समितीने अहवाल दिला: नकाशात मगर नसल्याने तळ्यात मगर नाही. सचिव महोदयांना एकाच पायावर उभे असलेले सर्वांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे. दुसरा पाय होता याचा पुरावा समितीपुढे आलेला नाही.

महाराजांना अहवाल आवडला. त्यांनी हुकूम केला की बगळेसाहेबांचा एका पायावरचा फोटो वेबसाईटच्या पहिल्या पानावर लावा, म्हणजे अफवा थांबतील. फोटो लागला. साहेब कुबडी टेकत काटेकरबाईंच्या टेबलाशी आले.

"लिहा चिठ्ठी. प्रजेच्या सेवेसाठी सचिव महोदय एका पायावर उभे आहेत."

"लिहिते, साहेब."

साहेब समोरून चित्र बघत उभे राहिले. चित्र छान आलं होतं. ते खूश होऊन टक टक करत निघून गेले. काटेकरबाईंनी आणखी एक काटा काढला. आता त्यांना फारशी भीती वाटत नव्हती.

तिकडे बिळात सगुणाक्काच्या पोपटाने पहिलं पान उघडलं आणि जसं होतं तसं वाचलं:

"बगळेसाहेब. डावा पाय मगरीने नेला. मगर अजून तळ्यातच आहे."

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं लिहावं. मात्र ते चित्राच्या मागच्या बाजूला लिहावं, कारण पुढच्या बाजूला साहेबांची मंजुरी लागते.