डिश एक वीत उजवीकडे

यंत्रांना हात लावायला घाबरणाऱ्यांपैकी मी नाही. पठारावरच्या आमच्या शाळेचा मी मुख्याध्यापक, मीच एकमेव शिक्षक, आणि जनरेटर बंद पडला की मिस्त्रीही मीच. त्यामुळे मंगळवारी सरकारी माणूस शाळेला इंटरनेटची डिश बसवून गेला आणि जाताना "मास्तर, हिला हात लावू नका" असं बजावून गेला, तेव्हा मला त्याची कीव आली.

बुधवारी मुलांनी देवमासा बघितला. चौदा वर्षं मी फळ्यावर काढत होतो तो देवमासा नव्हताच, हेही त्यांना कळलं. गुरुवारी मुलं झोपल्यावर मी माझ्या मुलीला इंटरनेटवरून पत्र धाडलं. नोएमी सहा वर्षं स्पेनमध्ये आहे. एरवी माझं पत्र महिन्याने पोचतं. या वेळी उत्तर सकाळी हजर.

"बाबा, रविवारी अकरा वाजता स्क्रीनवर या. तुम्ही तिथे एकटे कसे राहता ते मला डोळ्यांनी बघायचंय. बरं वाटलं नाही, तर हिवाळ्याचे तीन महिने मी येऊन राहते. रजा शिल्लक आहे."

बरं वाटू नये याची व्यवस्था मी लगेच करायला घेतली. दोन दिवस दाढी करायची नाही. कोपराला भोक पडलेला स्वेटर घालायचा. टेबलावर माते, म्हणजे आमच्याकडचा कडू चहा, त्याचा एकच पेला, मागे रिकामा वर्ग आणि अधूनमधून खोकला. खरं सांगायचं तर नाटकाची गरज नव्हती. शुक्रवारी दुपारी वसतिगृहातली मुलं घोड्यांवरून आपापल्या घरी गेली की सोमवारपर्यंत मी, वारा आणि स्वयंपाकीण फर्मिनामावशी. मावशी माझ्याशी बोलते ती फक्त मीठ संपलं की.

शुक्रवारी मुलं गेल्यावर मी अकरा चादरी धुतल्या. दोरीचं एक टोक खिडकीला बांधलं आणि दुसऱ्या टोकासाठी अंगणात एक नवा, भक्कम, लोखंडी खांब होताच. आमच्याकडचा वारा तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. अकरा ओल्या चादरींचं शीड झालं, खांबावरची डिश करकरत फिरली आणि इंटरनेट गेलं!

शनिवारी पहाटेच गाडी काढली. साठ किलोमीटरवर टेलिफोन आहे. डिश बसवणारा घरी नव्हता, त्याची बायको म्हणाली, "फुटबॉलला गेलाय. आला की रेडिओवर निरोप देईल."

हे आमच्याकडे रोजचंच. दुपारी बारा वाजता रेडिओवर पठारावरच्या लोकांचे निरोप वाचतात. अमक्याची बहीण मंगळवारी येतेय, फाट्यावर घोडा आणा. तमक्याला मुलगी झाली, दोघी सुखरूप. निरोप एकाचा असतो, ऐकतात सगळे. ज्याचा आहे त्याने ऐकला नसेल तर शेजाऱ्याने तो पोचवायचा, आणि त्यात काही काम असेल तर करूनही टाकायचं. या रिवाजावर आमचं पठार जगतं. चौदा वर्षं मी रोज बाराला रेडिओ लावतो. माझ्यासाठी निरोप कधीच आला नव्हता.

परतताना बाराला मी खिंडीच्या अलीकडे होतो. आणि निरोप आला!

"पठारावरच्या शाळेचे मास्तर ओव्हिदियो बार्रिएन्तोस यांना निरोप. डिशच्या मागे उभं राहून ती एक वीत उजवीकडे फिरवा आणि नट घट्ट आवळा. ज्यांच्या कानी पडेल त्यांनी पोचवावा."

मी गाडीच थांबवली. ओव्हिदियो बार्रिएन्तोस! पूर्ण नाव, आडनावासकट, सगळ्या पठारासमोर. हाच निरोप तीन वाजता पुन्हा वाचतात. खिंडीपलीकडे रेडिओ गाडीत लागत नाही. आता मला लाज वाटते, पण मी तीन वाजेपर्यंत तिथेच बसून राहिलो. नाव पुन्हा ऐकलं आणि मगच गाडी हलवली.

शाळेच्या कुंपणाला सात घोडे बांधलेले होते. अंगणात शेगडी पेटलेली, तिच्यावर अख्खी मेंढी. आणि आमची डिश मान वळवून कोंबड्यांच्या खुराड्याकडे बघत होती.

"मास्तर, निरोप आलाय तुमचा," सेगुंदो पुढे आला. हा मेंढ्यांची लोकर कातरतो, पंजा फावड्याएवढा. "डिश एक वीत उजवीकडे. तुम्ही नव्हतात, म्हणून मीच केलं."

"तू केलंस?" एउदोसियाआजी म्हणाली. आजी सत्तरीची, तीन कोस घोडा हाकत आलेली. "अरे, मी करून ठेवलं होतं. नटसुद्धा आवळला."

"दोघं गप्प बसा," दारातून फर्मिनामावशी म्हणाली. "रेडिओ माझ्या चुलीशेजारी आहे. सगळ्यांत आधी मी फिरवली."

"मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"मला कुणी विचारलं? मला वाटलं सगळे जेवायला आलेत."

हिशेब लागला. मावशीने एक वीत फिरवली तेव्हा डिश अगदी बरोबर लागली होती. त्यानंतर आठ भल्या माणसांनी एकामागून एक येऊन तिला आणखी एकेक वीत फिरवलं, आणि प्रत्येकाने नट आधीच्यापेक्षा घट्ट आवळला.

मला रडू येत होतं. "उद्या अकराला माझी मुलगी दिसणार होती. मला बघून ती यायचं की नाही ते ठरवणार होती."

मग सेगुंदो म्हणाला, "मास्तर, ज्याने जेवढं फिरवलं त्याने तेवढं परत आणायचं. त्यात काय?"

अंधार पडत होता म्हणून काम सकाळवर गेलं. रात्री सगळे वसतिगृहात मुलांच्या खाटांवर पाय बाहेर काढून झोपले, दमट चादरींवर, पण कुणी कुरकुर केली नाही.

रविवारी नऊला अंगणात रांग लागली. शेवटी आलेला पहिला. एकेक जण डिशच्या मागे उभा राहायचा, स्वतःची वीत कडेला लावायचा आणि तेवढी डावीकडे आणायचा. सेगुंदोची वीत म्हणजे आजीच्या दीड, त्यामुळे एकाचं दुसऱ्याने करून चालणार नव्हतं. चौथ्या क्रमांकाला रांग अडली.

"कुस्तोदियो कुठाय?"

म्हातारा कुस्तोदियो सगळ्यांत लांब राहतो, एकटा. तो आला होता, डिश फिरवली होती आणि मातेचा घोटही न घेता निघून गेला होता.

"आता त्याची वीत कुठून आणायची?" सेगुंदो म्हणाला. "त्याला एक बोटही कमी आहे."

एउदोसियाआजी पुढे झाली. तिने हवेत हात धरला, किंचित आखडला, डोळे मिटून पुन्हा जरा सैल केला. "एवढी."

"आजी, तुला काय माहीत?"

"चाळीस वर्षांपूर्वी मेंढ्यांच्या जत्रेत नाचताना त्याचा हात माझ्या कमरेवर होता," आजी म्हणाली. "फिरव मुकाट्याने."

अकराला पाच मिनिटं असताना आठवी वीत परत आली आणि वर्गातल्या इंटरनेटच्या पेटीवरचा हिरवा दिवा लागला. कुस्तोदियोची वीत बिनचूक निघाली होती!

मी स्वेटर चढवला, पेला मांडला. "आता तुम्ही सगळे जरा बाहेर थांबा."

"आम्ही गप्प बसू की," सेगुंदो म्हणाला आणि बाकावर बसला. मागोमाग सगळेच. एवढा उपद्व्याप निस्तरल्यावर त्यांना हाकलायचं कोणत्या तोंडाने?

अकराला नोएमी आली. केस आखूड केलेत. हसली की डोळे अगदी आईसारखे बारीक होतात, ते मी विसरलो होतो. मी खोकायला तोंड उघडलं.

"बाई, तुझ्या बापाला थंडीत हे घोंगडं पांघरायला आणलंय बरं का मी," आजी माझ्या खांद्यावरून म्हणाली. मग सेगुंदोने मेंढीची उरलेली तंगडी स्क्रीनसमोर धरली आणि ये जेवायला म्हणाला. फर्मिनामावशीने चौदा वर्षांतलं सगळ्यांत लांब भाषण केलं: मास्तर नीट खातात, मीठ जास्त लागतं, चादरी वाईट धुतात. कुणीतरी स्पेनमधल्या आपल्या चुलतभावासाठी निरोप दिला आणि पोचवायला सांगितला. नोएमी हसून हसून डोळे पुसत होती.

"बाबा, किती वेडी मी," ती म्हणाली. "तुम्ही भिंतीशी बोलत बसत असाल, असं वाटायचं मला. रात्र रात्र झोप यायची नाही. आणि इथे तर लग्नघर आहे. मी नाही आले तरी चालेल ना?"

नाही म्हणायचं होतं. शनिवार-रविवार इथे मला कुणी नसतं, ये, असं सांगायचं होतं. पण माझ्या मागे आठ माणसं बसली होती, सकाळपासून विती मोजून दमलेली. त्यांच्या देखत मला इथे कुणी नाही असं कसं म्हणणार?

"चालेल की," मी म्हणालो. "तुझी रजा कशाला वाया घालवतेस?"

बोलणं संपलं तेव्हा सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. एक वाजेपर्यंत शेवटचा घोडा टेकडीमागे गेला. मावशी स्वयंपाकघरात शिरली आणि तिने दार लावून घेतलं. मी थोडा वेळ स्क्रीनसमोर बसलो, मग दाढी केली.

इंटरनेट आता उत्तम चालतं. सोमवारी सरकारी फॉर्म आला, त्यावरच. 'जोडणीमुळे झालेला लाभ' असा एक रकाना होता. मुलांच्या देवमाशाबद्दल लिहायचं मला सुचलंच नाही. मी लिहिलं: 'कुटुंबीयांची काळजी पूर्णपणे मिटली.'