तीन राजांचा मुक्काम

दर नाताळला तीन राजे आमच्या जनेलावर मुक्कामाला येत. जनेल म्हणजे खिडकी. डिचोलीत आम्हाला खिडकी भेटते ती फक्त पुस्तकात. राजे वीतभर उंचीचे, मातीचे, सोबत दोन उंट. मधल्या राजाचं नाक उडालेलं. त्यांचे मालक आमचे शेजारी कायतानबाब, सुर्ल्याच्या खाणीवर सर्व्हेअर. लग्न केलं नव्हतं. एक बहीण होती, ती सासरी मडगावला. घरात ते आणि त्यांची मोजपट्टी.

कायतानबाबांचं एकच म्हणणं असे, "कारण सांग, मागीर मांड." आधी कारण, मग मांडणी. नाताळातली कुठलीही वस्तू कारणाशिवाय त्यांच्या घराची पायरी चढत नसे. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात नाचणी रुजवायची कशाला, तर गाईला हिरवं हवं म्हणून. तारा कशाला, तर वाट दाखवायला. म्हणून तो गोठ्याच्या आधी टांगायचा. पलीकडच्या आळीत कुणी गोठ्यावर कापसाचा बर्फ पसरलेला दिसला, तर हे सरळ आत जाऊन विचारून आले, "बेथलेहेमांत कापूस कोणें पिंजलो?" त्या घरून पुढची दोन वर्षं त्यांना नाताळच्या मिठाईचा, दोदोलाचा तुकडासुद्धा आला नाही.

बाकीचे लोक राजांना पहिल्याच दिवशी गोठ्यात उभे करून मोकळे होतात. कायतानबाबांना ते साफ नामंजूर. राजे लांबून आले, त्यांना वेळ लागला, म्हणून तर त्यांचा सण सहा जानेवारीला. तेव्हा राजांनी पंचवीस डिसेंबरला उगवतीकडून निघायचं आणि रोज थोडं थोडं चालत सहा तारखेला गोठ्यात पोचायचं. आणि उगवतीला, कायतानबाबांच्या हिशेबाने, आमचं घर.

आता, आमचं घर त्यांच्या मावळतीला आहे. उगवतीला नुसता डोंगर. मी पडलो शाळामास्तर, मला राहवलं नाही.

"कायतानबाब, सूर्य तिकडून उगवतो."

"तो सूर्य. राजे नखेत्राफाटल्यान आयले, सूर्याफाटल्यान न्हय." म्हणजे राजे ताऱ्यामागून आले, सूर्यामागून नव्हे.

खाणीवर इंचाची चूक न करणारा माणूस घरी आख्खी दिशा चुकतो, याचं मला हसू येई. आई आतून म्हणाली, "असू दे रे. कायतानबाब, चहा टाकलाय, बसा."

तेव्हापासून ते रोज संध्याकाळी येत, राजांना वीतभर पुढे सरकवत आणि चहा पीत. आधी जनेल, मग ओसरी, मग तुळस, मग कुंपण. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आई उंटांसाठी वाटीत पाणी ठेवी. राजे तीन होते असं बायबलात लिहिलेलंच नाही, ते मुळात राजेही नव्हते, तारे बघणारे ज्योतिषी होते, भेटवस्तू तीन म्हणून लोकांनी माणसं तीन केली, असं कायतानबाबांनी एकदा सांगितलं. आईने विचारलं, "ज्योतिषी होते तर निघायचा मुहूर्त काढलाच असेल?" कायतानबाब त्यावर दोन दिवस विचार करत होते.

मग गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, या वादाचं वर्ष आलं. जन्मभर ते कोंकणीत बोलत आणि मी मराठीत उत्तर देत असे. कुणाच्या लक्षातही येत नसे. त्या वर्षी यायला लागलं. एकदा भर बाजारात, चार माणसांसमोर, मी तोऱ्यात बोलून गेलो, "कोंकणी ही बोली. तिला कसली आलीय राजभाषा?"

मागे कायतानबाब पाव घेत उभे होते. शांतपणे म्हणाले, "मास्तर, मागीर इतलीं वर्सां तूं म्हजें कितें आयकतालो?" इतकी वर्षं मी त्यांचं नक्की काय ऐकत होतो, एवढंच विचारून ते पाव न घेताच गेले.

त्यानंतर येणं बंद. डिसेंबर आला. पंचवीस तारीख गेली, सव्वीस गेली, जनेल रिकामंच. आईने मात्र वाटीत पाणी ठेवलं होतं आणि रोज ते बदलत होती.

"कुणासाठी ठेवतेस?" मी विचारलं.

"उंटांचं काही भांडण झालेलं नाही," ती म्हणाली. "तू बोललास, तूच जा."

सत्तावीसला गेलो. दार उघडंच होतं. गोठा मांडलेला, नाचणी हिरवीगार, तारा लागलेला. राजे मागच्या जनेलावर होते, डोंगराच्या बाजूला. अगदी बरोबर उगवतीला. शेजारी चहाचा एकच कप. त्या जनेलातून एकही घर दिसत नाही, माणूस तर नाहीच.

म्हणजे सर्व्हेअरला दिशा पहिल्यापासून ठाऊक होती. रोज तुळशीला पाणी घालणाऱ्या माझ्या आईलाही ठाऊक होती. कळलं नव्हतं ते एकट्या मास्तरांना. मला स्वतःची फार लाज वाटली.

"बाजारात बोललो ते चुकलं माझं," मी म्हणालो. मी रुमाल पसरून एकेक राजा त्यात ठेवायला लागलो.

"मास्तर, उदेंत हीच." त्यांनी डोंगराकडे, उगवतीकडे बोट दाखवलं.

"असू दे. राजे आमच्याकडूनच निघणार."

"कारण सांग."

पुस्तकातलं काही सुचेना. "आईने पाणी भरून ठेवलंय," एवढंच मी म्हणालो.

दोन्ही उंट कायतानबाबांनी स्वतः उचलले आणि पायांत चपला सरकवल्या.

"दोन दीस उशीर जालो," ते म्हणाले. "आतां राजांक रोज दोन वेंती चलोवंक जाय."