सोपान दिघेचं उपवाक्य

कासारखेडमध्ये ज्याला इंग्रजीतलं 'हू' समजे, त्याच्या मागे दुसऱ्या दिवसापासून 'जो', 'ज्याची'ने सुरू होणारं एक संबंधी उपवाक्य चालू लागे. दिसायला ओल्या पंच्यासारखं. कोणी "हे कोण?" विचारलं की मालकाच्या आधी तेच उत्तर देई. देई इंग्रजीत, इथे सोयीसाठी मराठीत लिहिलं आहे. ग्रामपंचायत दरवर्षी मोजणी करी आणि ज्याचं सगळ्यांत लांब भरे, त्याला शाल-श्रीफळ.

सायकल दुकानवाला सोपान दिघे गुळवे बाईंच्या इंग्रजी वर्गात पहिल्या बाकावर बसे. 'हू', 'हूज', 'विच' घडाघडा म्हणे. मागे मात्र काही नाही. त्याचा चुलतभाऊ भानुदास शेवटच्या बाकावर घोरे. त्याला घोरता घोरताच समजलं, आणि मागे हे लांबलचक आलं: 'ज्याची मेव्हणी विमानात बसून बँकॉकला गेली.'

"भावजींचं दारात मावत नाही," सोपानची बायको इंदू म्हणाली. "तुमचं कुठं अडकलंय?"

सोपानने बाईंना गाठलं.

"समजलंय तुम्हाला," बाई म्हणाल्या. "पण सोपानराव, तुमच्याविषयी सांगण्यासारखं काही हवं ना. ते बिचारं येऊन बोलणार काय?"

हे सोपानला फार लागलं. त्याने दुकान बंद ठेवलं आणि भानुदासच्या दारासमोर कट्ट्यावर बसून राहिला. भानुदासचं उपवाक्य ऊन खात पडलेलं असे. सोपान त्याच्याकडे बघून चहा गार करी. पोटात असा जाळ की इंदूने भाजीत तिखट घालणं सोडलं.

मोजणीच्या सकाळी तो कट्ट्यावरून उठला, तर मागे काहीतरी ओढल्यासारखं झालं. ग्रामसेवकाने विचारलं, "हे कोण?"

मागून उत्तर आलं, "सोपान, जो त्या भानुदासवर जळतो, ज्याची मेव्हणी विमानात बसून बँकॉकला गेली."

ग्रामसेवकाने टेप लावली. पुन्हा लावली. "यात भानुदासरावांचं अख्खं आलंय. वर तुमचं जळणं."

"मग लांब कुणाचं?"

"तुमचंच की."

शाल पांघरून, नारळ घेऊन सोपान मिरवत घरी आला. पाहतो तर त्याच्याच दारासमोर भानुदास बसलेला, नजर सोपानच्या मागे.

"भावजी, दोन घास खाऊन घ्या," इंदू म्हणाली.

"नको वहिनी. जळतोय. दोन दिवसांत सोपानचं अख्खं माझ्यात येईल."

सोपानचा चेहरा उतरला. त्याने नारळ इंदूच्या हातात दिला, शाल घडी करून खाली टाकली आणि भानुदासच्या समोर बैठक मारली.

ग्रामसेवकाने तालुक्याला कळवलं, जास्त लांब टेप पाठवावी.