आधी चाचणी कुणाची

“माझं अंग अजून भरायचंय, आणि तुम्ही आत्ताच मापं कसली घेताय?” असं म्हणत, खाडीतल्या लाँचच्या तिकीट-सॉफ्टवेअरमधला भाडं ठरवणारा भाग खुर्चीवरून उठला आणि त्याने टेबलावर हात आपटला.

“खाली बस आधी,” द्वारकाताई तांडेल म्हणाल्या. सॉफ्टवेअर त्यांनीच लिहिलेलं. त्याचा एखादा भाग तक्रार घेऊन आला की त्याला खुर्ची आणि पाणी द्यायचं, ही त्या कार्यालयाची रीत.

नीळकंठराव घड्याळाकडे बघत होते. प्रकल्प त्यांच्या नावावर, आणि उद्या सकाळी पहिली लाँच सुटायची होती. “चाचण्या लिहायच्या तर सगळ्या भागांच्या लिहा, नाहीतर एकाचीही नको.”

चाचणी एकदा लिहिली की ती त्या भागाशेजारी स्टूल टाकून बसते, आणि तो जरा हलला की तेच प्रश्न पुन्हा विचारून तीच उत्तरं मागते. भाडेवाल्याला काल एक दिली होती. दुपारी बकरीला अर्धं तिकीट ठरलं, दिवेलागणीला ते बदलून टोपलीच्या भाड्याएवढं झालं. चाचणी बिचारी ओरडून ओरडून घसा बसवून घरी गेली.

“उद्या सायकलींचं ठरणार,” भाडेवाला म्हणाला. “मी काम करू, की तिची समजूत काढत बसू?”

“मग कुणाचीच नको!” नीळकंठरावांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे माणसं मोजणारा भाग हाताची घडी घालून बसला होता. “हा बघा कसा गुणी. कधी चकार शब्द नाही.”

द्वारकाताई त्या गुणी भागाकडे वळल्या. “काय रे, लाँच भरली हे तुला कसं कळतं?”

“चाळीस माणसं झाली की, ताई. मग दार लावतो.”

“आणि बायकांच्या मांडीवर पोरं असली तर?”

“त्यांना तिकीट नाही. म्हणजे ती माणसांत नाहीत.”

“हे कुणी शिकवलं तुला?”

“मी,” भाडेवाला पुटपुटला. “त्यांचे पैसे घ्यायचे नसतात, एवढंच सांगितलं होतं मी.”

लाँचवर बुडण्यापासून वाचवणारी जॅकेटंही चाळीसच होती. नीळकंठरावांची सून उद्या तान्ह्याला घेऊन त्याच लाँचने माहेरी निघणार होती. त्यांनी घड्याळाकडे बघणं सोडलं. आयुष्यभर ते आरडाओरडा करणाऱ्याकडेच धावत आले होते. ही बाई मुकाट बसलेल्याकडे वळली. केवढी नजर म्हणायची! पण हार मानणं काही त्यांच्या जिभेला जमेना.

“तर मग दोघांच्याही लिहा,” ते म्हणाले. “नियम सगळ्यांना सारखा.”

भाडेवाला पुन्हा ताडकन उठला. मोजणारा रडवेला झाला. द्वारकाताईंनी एक स्टूल ओढलं आणि मोजणाऱ्याच्या अगदी गुडघ्याला टेकवून ठेवलं.

“नीळकंठराव, भाड्याचं चुकलं तर हात जोडून पैसे परत करीन; याचं चुकलं तर कुणाचं पोर कुठून परत आणू?”